मामांनी बांधलेली कलमे

ज्याच्या बागेत फळ लागते त्याचे नाव गावच्या दप्तरात असते. परंतु ज्याच्या हाताने ते झाड प्रथम उभे राहिले त्याचे नाव बहुधा कोठेच नसते. आम्ही महसूल खात्यात कारकुनी करण्यात तीसहून अधिक वर्षे घालविली. गाव नमुना सात आणि बारा यांचे किती उतारे आम्ही लिहिले व किती ताडून पाहिले, याची गणती नाही. सातमध्ये जमीन कोणाची व तिजवर बोजा कोणाचा हे सापडते. बारामध्ये कोणत्या हंगामात कोणते पीक उभे होते हे सापडते. २०२१ सालापासून ई-पीक पाहणी आल्यामुळे शेतकरी स्वतःच मोबाईलवरून आपल्या पिकाची नोंद करू लागला आहे. तथापि हे झाड कोणी लावले, त्याचे कलम कोणी बांधले व ते कोणत्या झाडावरून घेतले, हे सांगणारा रकाना दप्तरात नाही. तो सरकारने ठेवावा असे आमचे म्हणणे नाही. ते काम घरच्या वहीचे आहे. अशीच एक घरची वही आमच्यापाशी आहे. ती ज्यांच्यामुळे लिहिली गेली त्या आमच्या मामांविषयी आज लिहावयाचे योजिले आहे.

मामा कलमे बांधीत. त्यांच्या स्वतःच्या नावावर घराखालची जागा आणि मागील बाजूस भाताचे लहानसे खाचर, याहून अधिक काही नव्हते. बोईसर आणि तारापूर यांच्या मधल्या पट्टीत त्यांचे घर होते. आमचे वडील आम्ही लहान असतानाच वारले. तेव्हा मामांनी आमच्या आईस व आम्हांस आपल्या घरी आणले. मामींची तीन मुले व आम्ही एक, अशी चार मुले त्या घरात वाढली. कोणाच्या ताटात काय पडले याचा भेद त्या घरात आम्ही कधी पाहिला नाही.

आपल्या या किनारपट्टीत चिकू कसा आला हे जुन्या बागायतदारांस ठाऊक आहेच. हे झाड मूळचे आपले नव्हे. मेक्सिको व मध्य अमेरिका हे त्याचे माहेर. महाराष्ट्रात त्याची पहिली लागवड १८९८ साली घोलवड येथे झाली असे फळझाडांच्या ग्रंथांत नमूद आहे. तेथून डहाणू व पुढे पालघर या बाजूस ते पसरले. २०१६ साली 'डहाणू घोलवड चिकू' यास भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा आपल्या भागातील बागायतदारांस साहजिकच अभिमान वाटला. तो वाटावा हे योग्यच. परंतु घोलवडच्या पहिल्या बागेपासून या मानांकनापर्यंत सव्वाशे वर्षांच्या आतबाहेरचा जो काळ गेला, त्यात चिकूची झाडे आपोआप एका वाडीतून दुसऱ्या वाडीत चालत गेली नाहीत. ती कोणीतरी बांधली, कोणीतरी डोक्यावरून वाहिली, कोणीतरी लावली. हे करणारे हात बहुतेक मजुरांचे होते.

चिकूचे बी पेरूनही झाड येते. पण ते मातृवृक्षासारखेच फळ देईल याचा भरवसा नसतो व फळास येण्यास फार वर्षे लागतात. म्हणून कलम. कलमाच्या मुळासाठी खिरणीचे रोप घेतात. खिरणी, जिला आपल्या उत्तरेकडील भागात रायण म्हणतात, ही आपल्या देशातील काटक जात असून चिकूच्याच कुळातील आहे. तिचे मूळ खोल जाते व झाड दीर्घायुषी होते. मात्र ती वाढीस मंद. बी पेरल्यावर खोड पेन्सिलीएवढे जाड होण्यास दोन वर्षे, क्वचित त्याहून अधिकही लागतात. म्हणजे कलम बांधणारास आजच्या मजुरीची तयारी दोन वर्षे आधी करावी लागते.

मामा भेट कलम बांधीत. मातृवृक्षाभोवती बांबूंचा माच उभारावयाचा, खिरणीच्या कुंड्या त्यावर चढवावयाच्या, आणि जी फांदी निवडली असेल तिच्या उंचीस कुंडी आणून ठेवावयाची. मग खिरणीच्या खोडाचा व चिकूच्या फांदीचा दोन-अडीच इंच लांबीचा काप सालीसह थोडे लाकूड घेऊन काढावयाचा. दोन्ही काप एकमेकांस इतके बरोबर बसले पाहिजेत की मध्ये नखही शिरू नये. मग केळीच्या सोपाने किंवा सुतळीने ते घट्ट बांधावयाचे. यापुढे दोन-तीन महिने कुंड्यांस पाणी घालीत राहावयाचे. सांधा जुळला म्हणजे प्रथम खिरणीचा शेंडा व चिकूची फांदी अर्धवट कापावयाची, आणि काही दिवसांनी पूर्ण तोडून कलम खाली उतरवावयाचे. लिहिण्यास हे पाच-सहा ओळींचे काम आहे. करण्यास पावसात भिजत, ओल्या माचावर उकिडवे बसून, चिकाने माखलेल्या बोटांनी करावयाचे काम आहे. चिकूचा चीक वाळला म्हणजे काळा पडतो व साबणाने निघत नाही. मामांची बोटे पावसाळाभर काळी असत.

मजुरीसंबंधी त्यांचा एक नियम होता. जगलेल्या कलमाचेच पैसे ते घेत. बागायतदार कित्येकदा म्हणत की तुमचे श्रम तर झालेच, सगळ्यांचे घ्या. पण मामा म्हणत, "मेलेल्या कलमाची मजुरी खाल्ली तर हात बिघडतो." यात कोणी पुण्याई पाहील, आम्हांस त्यात धंद्याचे शहाणपणही दिसते. ज्यास मेलेल्याचे पैसे मिळत नाहीत तो काप घाईने काढीत नाही, आणि कोणत्या फांदीवरचे कलम जगत नाही हे लक्षात ठेवतो.

याच नियमामुळे वही सुरू झाली. मामांस अक्षरओळख जुजबी होती. कोणाकडे किती बांधली व किती जगली हे तोंडी ठेवणे त्यांस जड जाऊ लागले. १९७९ च्या पावसाळ्यात आम्ही बारा वर्षांचे होतो. एके संध्याकाळी त्यांनी आमची शाळेची एक कोरी वही मागून घेतली व म्हणाले, "अरे बाबा, तुझे अक्षर चांगले आहे. मी सांगतो ते लिहीत जा." आम्ही पट्टीने सहा रकाने आखले. गाव, बागायतदाराचे नाव, कोणत्या झाडावरून, बांधली, जगली, मजुरी. शेवटच्या रकान्यात पैसे मिळाले की 'पोहोचली' असे लिहावयाचे, राहिले असल्यास 'येणे' असे लिहावयाचे. पुढे सरकारी नोकरीत आम्ही कितीतरी रजिस्टरे आखली. पण आमचे पहिले रजिस्टर ते. कारकुनी आम्ही कचेरीत शिकलो नाही, मामांच्या ओटीवर कंदिलाच्या उजेडात शिकलो.

'कोणत्या झाडावरून' हा रकाना मामांनी आग्रहाने घालविला होता. कालीपत्ती ही जात तेव्हाही सर्वांस प्रिय होती. पाने गर्द हिरवी, फळ लांबट गोल, गर गोड व बिया थोड्या. परंतु कालीपत्तीची सर्व झाडे सारखी नसतात, हे मामांचे म्हणणे. एखादे झाड एक वर्ष लदबदते व पुढले वर्ष विसावा घेते. एखाद्यास फळ पुष्कळ पण बारीक. ओळखीच्या प्रत्येक बागेतील तीन-चार झाडांवर ते चुन्याची खूण करून ठेवीत आणि सलग पाच-सहा वर्षे त्यांचा बहार पाहिल्यावाचून त्यावर कलम बांधीत नसत. एका वाडीतील विहिरीजवळचे झाड त्यांस सर्वांत अधिक पसंत होते. वहीत ठिकठिकाणी 'विहिरीवरचे' असा जो उल्लेख येतो तो त्याचा. आम्ही लिहिलेल्या एका वर्षाच्या पानावर त्या झाडावरून बांधली १२० व जगली ९६ असा आकडा आहे. आज त्याकडे पाहताना हा मनुष्य कोणत्या शाळेत शिकला होता असा प्रश्न पडतो.

त्या ९६ कलमांच्या मजुरीतून आमची पुस्तके आली, गणवेश आला, आणि पुढे शिक्षणासाठी बोईसरहून पालघरला जाण्याचा आगगाडीचा पास निघाला. त्यानंतर आम्ही महसूल खात्यात लागलो.

येथे आम्हांस एक गोष्ट कबूल करावयाची आहे. ती लिहावी की न लिहावी याचा आम्ही पुष्कळ दिवस विचार केला. पण ज्या लेखात दुसऱ्याचा प्रामाणिकपणा वाखाणावयाचा त्यात स्वतःचा अप्रामाणिकपणा लपविणे बरे नव्हे. नोकरीस लागून चार-पाच वर्षे झाली असतील. पावसाळ्याचे दिवस होते. मामा कोणाच्या तरी वाडीतून काम आटोपून कचेरीत आम्हांस भेटावयास आले. पायास चिखल, खांद्यावर सुतळीची गुंडी, कमरेस चाकू, बोटे काळी. आमच्या टेबलाजवळ त्या वेळी दोन-तीन सभ्य मंडळी बसली होती. त्यांतील एकाने विचारले, "हे कोण?" आम्ही उत्तर दिले, "आमच्या गावाकडचे आहेत."

मामा दोन हातांवर उभे होते. त्यांनी ते ऐकले. त्यांनी आमच्याकडे पाहिले नाही. "काम काही नव्हते, वाटेवर होतो म्हणून आलो," एवढे बोलून ते निघून गेले. आम्ही त्यांच्या मागून गेलो नाही.

त्या गोष्टीचा उल्लेख त्यांनी पुढे कधीही केला नाही, आम्हीही केला नाही. पुढल्या पावसाळ्यात एका रविवारी ते पालघरास आमच्या बिऱ्हाडी आले. बरोबर गोणपाटात गुंडाळलेली चिकूची दोन कलमे होती. त्यांनी स्वतः दोन खड्डे खणले, त्यांत शेणखत घातले, सांधा जमिनीच्या वर राहील अशा बेताने कलमे लावली, काठीचा आधार दिला. मग आमच्या घरी जेवले आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेले. निघताना एवढेच म्हणाले, "सांध्याखालून फूट आली तर लगेच काढ. ती वाढू दिलीस तर झाड रायणीचे होईल." ती दोन्ही झाडे आज आमच्या दारी उभी आहेत व शेजारपाजारी वाटून उरेल इतके फळ देतात.

मामा २०११ च्या पावसाळ्यात वारले. त्यानंतर मामींनी त्यांची पेटी उघडली, तीत चाकू, सहाण आणि ती वही निघाली. आम्ही नोकरीसाठी घर सोडल्यावर ती बंद पडली असेल अशी आमची समजूत होती. पण पुढील पाने शेजारच्या मुलांनी लिहिलेली होती. कोणाचे अक्षर वळणदार, कोणाचे पाय मोडलेले. परंतु रकाने तेच सहा. ती चाळता चाळता एका पानावर आमचे नाव दिसले. गाव पालघर. भाचा. विहिरीवरचे. बांधली २. जगली २. मजुरीच्या रकान्यात 'पोहोचली' असे लिहिले होते.

त्या पानापुढे आम्हांस बराच वेळ वाचवले नाही.

असो. निवृत्त झाल्यावर आम्ही ती वही घेऊन बोईसर, तारापूर, चिंचणी या बाजूच्या वाड्या धुंडाळण्यास निघालो. वहीतील गावे तीच असली तरी जमीन तीच राहिलेली नाही. तारापूरची अणुवीज १९६९ सालीच सुरू झाली. बोईसरच्या बाजूस औद्योगिक वसाहत वाढली. कित्येक वाड्यांच्या जागी चाळी व इमारती उभ्या राहिल्या. वहीत नाव असलेल्या काही ठिकाणी आम्हांस झाडाचा बुंधाही आढळला नाही. परंतु जेथे वाडी टिकली आहे तेथे झाडेही टिकली आहेत. चाळीस-पंचेचाळीस वर्षांची, दोन हातांत न मावणाऱ्या खोडाची, भर बहरातील झाडे आम्ही पाहिली. जवळून निरखल्यास खाली खिरणीचे खोड व वर चिकूचे खोड यांमधील सांधा अजून ओळखू येतो. आम्ही त्यावर हात ठेवून पाहिला. मालक विचारीत, काय पाहता? आम्ही म्हणत असू, आमच्या मामांनी बांधलेले आहे. या वेळी तरी आम्ही 'गावाकडचे' म्हटले नाही.

एका वाडीत मात्र मालकांनी तक्रार सांगितली की हे कलम फसवे निघाले, यास चिकू येत नाही. पाहतो तो झाड खिरणीचे. सांध्याखाली आलेली फूट कोणी वेळीच काढली नव्हती. ती जोमाने वाढली, वरचा चिकू सुकून गेला, आणि दोष कलम बांधणाराच्या माथी आला. बांधणाराचे काम सांधा जुळेपर्यंत; पुढची जपणूक लावणाराची, हे बागायतदारांनी विसरू नये.

विहिरीवरचे झाडही आम्हांस सापडले. त्या घरात वाटण्या झाल्या असून झाड नव्या हद्दीवर आले होते. दोघे भाऊ कुंपणासाठी ते तोडण्याच्या विचारात होते. आम्ही त्यांस वही उघडून दाखविली. या एका झाडावरून किती गावांत किती कलमे गेली ते त्यांनी स्वतः बोट ठेवून वाचले. धाकटे भाऊ म्हणाले, आमच्या झाडाचा एवढा गोतावळा आहे हे आम्हांस कोणी सांगितलेच नव्हते. कुंपण दोन हात वळवून घेण्याचे त्यांनी कबूल केले व तसे केलेही. त्या झाडाचे आयुष्य एका शाळकरी वहीने वाढविले, असे म्हणण्यास हरकत नाही.

आमचे मामा काही जगावेगळे नव्हते. अशी माणसे सर्वत्र झाली. ऑस्ट्रेलियातील सिडनी शहराजवळ मारिया ॲन स्मिथ नावाची एक वृद्ध शेतकरी बाई होती. तिच्या वाडीत आपोआप उगवलेल्या सफरचंदाच्या रोपास निराळेच हिरवे, टिकाऊ फळ येते हे १८६८ च्या सुमारास आसपासच्या लोकांच्या ध्यानी आले. तिने ते झाड जपले. १८७० साली ती वारली. फळाची कीर्ती तिने पाहिली नाही. आज तेच सफरचंद आपल्या बाजारातही 'ग्रॅनी स्मिथ', म्हणजे स्मिथ आजी, या नावाने विकले जाते. नात्याचे नाव फळास लागून जगभर गेल्याचे हे उदाहरण आम्हांस फार आवडते.

आपल्या महाराष्ट्रातील उदाहरण तर याहून मोठे आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे गाव आहे. तेथील दादाजी खोब्रागडे यांची शाळा तिसरीपर्यंत झाली होती व जमीन दीड एकराच्या आसपास होती. १९८३ साली 'पटेल ३' या भाताच्या शेतात त्यांस काही लोंब्या निराळ्या दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या काढल्या, त्यांचे बी जपून पेरले, वर्षानुवर्षे निवड केली. त्यातून जो बारीक तांदूळ निघाला त्यास त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून 'एचएमटी' हे नाव पडले. तो तांदूळ किती शेतांत व किती ताटांत पोहोचला हे वाचकांस सांगणे नलगे. २००५ साली राष्ट्रपती कलाम यांच्या हस्ते त्यांचा सन्मान झाला. परंतु बियाण्याचा जो पैसा झाला त्याचा फारसा वाटा त्यांस मिळाला नाही. ३ जून २०१८ रोजी ते निवर्तले. आपल्यापैकी किती जणांनी तो भात पेरताना किंवा जेवताना त्यांचे नाव घेतले असेल?

येथेच आमच्या लिहिण्याचा हेतू आहे. कृतज्ञता ही केवळ मनात ठेवण्याची वस्तू नव्हे, ती शेतीच्या उपयोगाचीही आहे. बांधणाराचे नाव व मातृवृक्ष यांची नोंद असेल तर चांगले झाड पुन्हा करता येते. नसेल तर चांगले झाड मेले म्हणजे त्याचे सर्व गुण त्याबरोबर गेले. म्हणून आमची आपल्या सभासदांस विनंती आहे की येत्या पावसाळ्यापासून प्रत्येकाने घरी एक वही ठेवावी. लावलेले प्रत्येक कलम कोठून आणले, कोणत्या झाडावरचे, कोणी बांधले व कोणत्या साली लावले, एवढे तरी तीत लिहावे. ज्या झाडाचा बहार सलग पाच वर्षे चांगला दिसेल त्यावर खूण करावी व ते तोडण्यापूर्वी निदान त्यावर कलमे बांधून घ्यावी. झाडांत दहा मीटर अंतर राखावे. एकरी चाळीस झाडे पुरेत. सांध्याखालची फूट दिसताच काढावी. हल्ली रोपवाटिकांत मृदकाष्ठ पद्धतीचीही कलमे होतात. त्यांविषयी कोसबाडच्या कृषि विज्ञान केंद्रात विचारणा करावी. मात्र रस्त्याकडेला मिळणारे, ज्याचे मूळ कोणी सांगत नाही असे कलम स्वस्त म्हणून घेऊ नये. चाळीस वर्षे उभे राहावयाच्या झाडात दहा-वीस रुपयांची काटकसर शहाणपणाची नव्हे.

आणि एक. आपल्या वाडीत जो कलम बांधावयास येतो त्याचा चहा माचाखाली नव्हे, ओटीवर द्यावा, आणि कोणी विचारले तर त्याचे नाव घेऊन ओळख करून द्यावी.

आमच्या दारच्या दोन झाडांपैकी थोरल्यावर यंदाच्या पावसाळ्यात आम्ही स्वतः चार कलमे बांधली. मामांचा चाकू आम्ही वापरला. त्यांचा हात मात्र आम्हांस आलेला नाही. बांधली ४, जगली १. वहीत तसे लिहून ठेवले आहे.